चार पाट्या, चार चुली

हसायचं तर खुशाल हसा, पण ऐका. भर सभेत माझं नाक मी माझ्याच हातानं कसं कापलं, त्याची ही गोष्ट.

सातिवलीला तेव्हा नवेनवे कारखाने येत होते. आमच्या गावाला लागूनच एक मोठा कारखाना. फाटक एक, भोंगा एक, मालक एक, पण पाट्या चार! का? तर लहान कारखान्याला करात सूट. मग आतमध्ये पत्रे ठोकले आणि कागदावर एकाचे चार केले. पंचायतीला कर मिळेना, म्हणून गावाला नळ येईना. आम्ही बाया आपल्या खाऱ्या विहिरीवर.

सरपंच म्हणाले, "काकी, सभेला मॅनेजर येतोय. मी बोललो की तो म्हणतो, राजकारण करता. तुम्हीच विचारा."

उभी राहिले. जीभ कुठे ऐकते! "साहेब, एका फाटकाआड चार कंपन्या कशा? कर भरा, आमाला पानी द्या!"

मॅनेजर रोज फाटकावर माझ्याकडूनच भेंडी घ्यायचा. त्यानं शांतपणे चष्मा पुसला.

"मावशी, तुमच्या घरी रेशनकार्डं किती?"

"चार."

"आणि चुली?"

घर एक, चूल एक. पण जास्त साखर मिळावी म्हणून सासूबाई, दोन दीर आणि आम्ही कागदावर वेगळे! तपासणीला कुणी आलं की अंगणात तीन जागी विटा मांडायच्या, वर राख भुरभुरायची, झाल्या चार चुली. आणि ही हुशारी भेंडी तोलताना मीच त्याला सांगितलेली. मिरवून!

तरी रेटलं. "माजी मूठभर साखर नि तुमचा अख्खा कारखाना, एक कसं वो?"

"कायदा सगळ्यांना सारखाच ना, मावशी?"

सभा खो खो हसली. कर राहिला बाजूला, लोक माझ्या चुली मोजायला लागले. शेजारीण तर पदरात तोंड खुपसून हसत होती. तिची स्वतःची कार्डं तीन! सरपंचांनी कपाळाला हात लावला.

चौथ्या दिवशी रेशनचा साहेब दारात. विटा मांडायलाही वेळ दिला नाही मेल्यानं. तीन कार्डं घेऊन गेला. कारखान्याच्या पाट्या मात्र चारच्या चार, वर नवा रंग!

नळ तर आला नाहीच, साखरही गेली. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. आणि पाहुण्यांपुढे खाऱ्या पाण्याचा फिका चहा ठेवताना मी काय सांगायचे?

"आमच्याकडे ना, गोड कुणाला आवडतच नाही!"