मी बुजवलेला खड्डा

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत मी जिंकलेय. आमच्या सोसायटीत असा विजय आजवर कुणाला मिळालेला नाही. आणि विजय मिळवता मिळवता माझ्याएवढी माती पण कुणी खाल्लेली नाही. चहा घ्या, सांगते. हसायचं तर हसा, पण मधेच उठायचं नाही.

मी सुलभा परब, बोरीवली पूर्वेला शुभांकुर सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मला कुणी प्रेमाने दिलेलं नाही. एका मीटिंगमध्ये मी इतकी भांडले, इतकी भांडले, की सगळे म्हणाले, बाई, आता तूच हो. तेव्हापासून पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग, सगळी भांडणं माझी. त्यातला पाइपचा गॅस हा माझा जुना हट्ट. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये बटण फिरवलं की गॅस हजर, आणि आम्ही अजून सिलेंडर हलवून बघतोय, किती उरलाय म्हणून. किती वेळा अर्ज केला असेल विचारू नका. सह्या करून करून माझं अक्षर सुधारलं.

त्यात तिकडे आखातात युद्ध पेटलं.

आता मला सांगा, बोरीवलीचं त्यांच्याशी काय वाकडं? कोण कुणावर बॉम्ब टाकतोय ते मला धड कळत पण नाही. पण तिकडे जहाजं अडकली आणि इकडे माझी डाळ शिजेना. सिलेंडर बुक केला की मोबाइलवर मेसेज यायचा, सिलेंडर काही यायचा नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने डोसे बंद केले, नुसती इडली ठेवली, ती पण सकाळचीच. आमचे हे दिवसभर बातम्या लावून बसायचे. बोलतात कमी, आणि बोलले की मालवणीत.

"सामुद्रधुनी बंद आसा गो," ते म्हणाले.

"सामुद्रधुनी ठेवा बाजूला. आपली गल्ली बंद आहे, ती आधी बघा."

कारण गेटसमोर खड्डा. खड्डा म्हणजे साधासुधा नाही, गल्लीच्या तोंडापासून थेट आमच्या गेटपर्यंत लांबलचक चर. एक दिवस कुणीतरी आलं, खणलं, कडेला मातीचा ढीग लावला, चार पत्रे उभे केले आणि गायब झालं. बोर्ड नाही, नाव नाही, गाव नाही. आता खरं बघायला गेलं तर पहिला प्रश्न काय विचारायला हवा, की बाबा रे, हा खड्डा कशासाठी? पण मुंबईत कुणी असं विचारतं का? खड्डा दिसला की शिव्या द्यायच्या, फळी टाकायची आणि पलीकडे जायचं. जन्मापासूनची सवय आहे आपली.

मी शिव्या वॉर्ड ऑफिसात जाऊन दिल्या, एवढाच फरक. तिथला ज्युनिअर इंजिनिअर मला लांबून बघूनच चष्मा काढायचा. बहुतेक मी धूसर दिसावी म्हणून.

"आमचा नाही मॅडम तो. दुसऱ्या एजन्सीचा असेल."

"कुठल्या?"

"ते बघावं लागेल."

तो बघतच बसला. पाणीवाले म्हणाले लाइटवाल्यांचा, लाइटवाले म्हणाले केबलवाल्यांचा. आणि सिलेंडरवाला तर सरळच म्हणाला, "ताई, आधीच माल कमी येतो. गाडी आत जात नाही तुमच्याकडे. फळीवरून सिलेंडर घेऊन मी काय डान्स करू? जिथे गाडी जाते तिथे पहिलं देतो." म्हणजे बघा, युद्धामुळे गॅस कमी, आणि जो काय आला तो खड्ड्यामुळे पुढच्या गल्लीत. दोन्हीकडून वाट लागली.

एरवी मी इंडक्शनवर भागवलं असतं. पण आमच्या केतकीचं लग्न ठरलेलं, आणि तिचे सासरे, भाऊसाहेब गावडे, कणकवलीहून मंडळी घेऊन पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला यायचे होते. येत्या रविवारी. आम्ही त्यांच्या गावी गेलो तेव्हा त्यांनी काय केलं माहितीये? वाडीच्या तोंडाशी ढोल वाजवला. ओवाळलं. केळीच्या पानावर जेवायला वाढलं. आणि वाढता वाढता विहीणबाई गोड हसून मला म्हणाल्या, "मुंबैक तुम्ही सगळा भायरसूनच मागवतास ना?"

लागलं ना मला. मी तिथल्या तिथे बोलून बसले, "या की आमच्याकडे. माझ्या हातचे कोंबडी-वडे खा, मग बोला."

आता वीस माणसांचे वडे इंडक्शनवर तळून दाखवा मला. आणि घरातला सिलेंडर हलवला तर नुसता टणटण वाजत होता. केतकी रडवेली झाली, "आई, हॉटेलातून मागवू ना यार." मी म्हटलं, मेले तरी नाही. हे म्हणाले, "तुका सांगान काय उपयोग," आणि परत बातम्या लावल्या.

मग मी ठरवलं, निदान स्वागतात तरी कमी पडायचं नाही. ढोल आपल्याकडे वाजवला तर खालचे गुप्ता पोलिसांना फोन करतात. म्हणून फ्लेक्स. जावयाकडून भाऊसाहेबांचा फोटो मागवला. ते एसटीत डेपो मॅनेजर म्हणून रिटायर झालेले, आणि गावच्या देवळाचे ट्रस्टी. फोटो जत्रेतला, पांढरेशुभ्र कडक कपडे, कपाळावर टिळा, हात जोडलेले, हसरा चेहरा. फ्लेक्सवाल्याने बघितलं मात्र, त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे डिझाइन तयार असतं." आणि त्याने जे तयार केलं ते बघून मीच गार पडले. गेटएवढा फ्लेक्स. झेंडूच्या माळा, मागे उगवता सूर्य, मधोमध भाऊसाहेब. "मा. श्री. भाऊसाहेब गावडे यांचे बोरीवली नगरीत हार्दिक स्वागत." खाली विनम्र म्हणून माझा छोटा गोल फोटो. मला तर झकास वाटला. खड्ड्याच्याच पत्र्यांवर, गल्लीच्या तोंडाशी, मी तो बांधून घेतला. पत्रे निदान कामाला आले.

त्याच दुपारी इंजिनिअरचा फोन. त्याचा फोन, मला! आजवर मीच करायचे आणि तो उचलायचा नाही.

"मॅडम, ते गावडे साहेब कधी येणार आहेत?"

"रविवारी. सकाळी अकरापर्यंत."

"किती गाड्या असतील?"

"दोन-तीन. मंडळी आहेत ना बरोबर."

"बरं, बरं. रस्ता वगैरे बघतील का?"

"बघतील की, डोळे आहेत त्यांना. मला तर लाज वाटतेय, फळीवरून आणायचं त्यांना."

मग हळूच म्हणाला, "तुमचं बोलणं असतं का त्यांच्याशी, डायरेक्ट?"

"म्हणजे काय? रोज फोन असतो."

"खड्ड्याचं काही कानावर घातलंत?"

"अजून नाही. पण त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही हं, आधीच सांगते. तुमचं नाव घेऊन सांगणार."

यात मी एक तरी शब्द खोटा बोलले का? तुम्हीच सांगा. मला वाटलं, इतके दिवस बोंबलतेय, त्याचं फळ मिळालं, माणूस सुधारला.

दुसऱ्या दिवशी चहा गाळतेय तर खाली धडधड आवाज. जेसीबी. मागून खडीचा डंपर, डांबर, रोलर. इंजिनिअर स्वतः उन्हात टोपी घालून उभा. दुपारपर्यंत चर बुजला, संध्याकाळी वरून गुळगुळीत डांबर. पत्रे गेले, मातीचा ढीग गेला, गेटच्या दोन्ही बाजूंना चुन्याची पांढरी रेघ सुद्धा मारली. फ्लेक्स मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने नीट विजेच्या खांबाला बांधून दिला. मजल्यामजल्यावर लोक गॅलरीत उभे. शेजारच्या जिग्नाबेन खाली धावत येऊन मला मिठी मारून म्हणाल्या, "सुलभाबेन, तमे तो वाघण छो!" मी नुसती मान हलवली. मोठी माणसं अशा वेळी जास्त बोलत नाहीत.

आणि शनिवारी सिलेंडरची गाडी थेट गेटपर्यंत आली. माझा सिलेंडर उतरला तेव्हा मी त्याला हळदकुंकू लावायचंच बाकी ठेवलं होतं.

रविवारी भाऊसाहेब आले. गाडीतून पाय खाली ठेवतात न ठेवतात, तोच इंजिनिअर दोन माणसं घेऊन पुढे, हातात पुष्पगुच्छ. भाऊसाहेब जरासे चकित झाले, पण माणूस ट्रस्टी, सत्काराची सवय. गुच्छ घेतला, पाठीवर थाप मारली, इकडेतिकडे बघितलं आणि डेपोत फिरावं तसं फिरून म्हणाले, "रस्तो बरो केलात. पण ह्या गटाराचा झाकण खंय आसा?"

"लगेच साहेब," इंजिनिअर म्हणाला. आम्ही वडे खाऊन खाली उतरेपर्यंत झाकण बसलेलं.

आणि जेवण? वडे टम्म फुगले. विहीणबाईंनी तिसऱ्यांदा वडा मागितला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "घ्या ना, भायरसून नाही मागवलेले." त्या हसल्या, मी हसले, केतकीने मला टेबलाखालून लाथ मारली. जाताना भाऊसाहेब ह्यांना म्हणाले, "परबांनू, तुमच्या मुंबैत मान मोठो." आमचे हे मला नंतर म्हणाले, "अगो, त्या इंजिनिअराक वाटला कोण पुढारी येतासा. फ्लेक्स बघलंस मां तू?"

मी म्हटलं, वाटेना का. काम झालं ना? आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी गैरसमजाने बोरीवलीत रस्ता झाला. एरवी गैरसमजाने खड्डेच होतात.

पुढच्या रविवारी सोसायटीने माझा सत्कार ठेवला. खाली कंपाउंडमध्ये खुर्च्या, माइक, शाल, श्रीफळ. आणि त्याच फ्लेक्सवाल्याकडून फ्लेक्स, सूर्य तोच, झेंडू तेच, मधोमध आता मी, हात जोडून. "खड्डामुक्त गल्लीच्या शिल्पकार सौ. सुलभाताई परब यांचे हार्दिक अभिनंदन." गेटवरच लावला होता. खरं सांगू? मला फार छान वाटत होतं. इतकी वर्षं लोक मला भांडकुदळ म्हणायचे, त्या दिवशी टाळ्या वाजवत होते. जिग्नाबेननी शाल पांघरली तेव्हा माझे डोळे भरून आले.

मी माइक हातात घेतला. बोलता बोलता चढत गेले. म्हटलं, "माझी हिंमत काय विचारता, या सुलभा परबच्या गेटसमोर आता कुणी कुदळ मारून दाखवावी." टाळ्या. आणि त्या टाळ्यांतच गेटवर हॉर्न वाजला.

टेम्पो होता. मागे पिवळ्या पाइपची भलीमोठी वेटोळी, त्यांवर हेल्मेट घातलेले पाच-सहा जण. पुढून एक सुपरवायझर उतरला. रस्त्याकडे बघितलं, मग हातातल्या मोबाइलकडे, मग परत रस्त्याकडे.

"शुभांकुर सोसायटी हीच ना?"

"हीच," मी माइकवरच म्हणाले.

"मग इथला खड्डा कुठे गेला?"

"बुजवला," मी अभिमानाने म्हणाले. अजून मला काही कळलं नव्हतं.

"कुणी बुजवला?"

मला उत्तर द्यावं लागलं नाही. त्याने मान वर करून फ्लेक्स वाचला. सावकाश, मोठ्याने, शिल्पकारपर्यंत. मग फ्लेक्सवरच्या मला बघितलं, मग शालीतल्या मला.

"मॅडम, तुमच्याच गॅसच्या पाइपचा चर होता तो. तुमच्याच अर्जावर खणलेला. युद्ध सुरू झालं आणि जो तो पाइप मागायला लागला, आमची माणसं पुरेनात, म्हणून राहिलं. तुमचा नंबर आज आला."

माइक चालूच होता. सगळ्या सोसायटीने ऐकलं.

"अहो, मग वॉर्ड ऑफिसात कुणालाच कसं माहीत नाही?" मी ओरडले.

"परवानगी त्यांनीच दिलेली आहे," तो म्हणाला, आणि पाइप घेऊन टेम्पो पुढच्या सोसायटीकडे गेला. त्यांचा खड्डा उघडाच होता. त्यांच्याकडे भांडायला कुणी नाही ना.

शेवटी जिग्नाबेन माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "शाल ठेवा तुम्ही. नारळ पण ठेवा. सोलकढीला गॅस नाय लागत."

सोमवारी मी वॉर्ड ऑफिसात. इंजिनिअर मला बघून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"कसा झाला रस्ता मॅडम?"

"रस्ता छान झाला. मला खड्डा पाहिजे."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग नवीन रस्ता खणायला मनाई आहे, काही वर्षं तरी हात लावता येणार नाही, असं सगळं समजावून सांगितलं. मी उठले तेव्हा मात्र आवाज खाली करून म्हणाला, "एक करा. तुमचे ते गावडे साहेब आहेत ना, त्यांना इकडे एक चक्कर मारायला सांगा. त्यांनी नुसतं बोट दाखवलं की उद्या खणून देतो."

तिथून सरळ फ्लेक्सवाल्याकडे गेले. म्हटलं, भाऊसाहेबांचा फोटो तोच, फक्त हात जोडलेले नकोत, एक हात खाली रस्त्याकडे दाखवणारा कर. त्याने लगेच करायला घेतलं. मग विचारलं, "ताई, खाली विनम्र कोण टाकू?"

म्हटलं, "माझंच नाव टाक. आधीच्या दोन्ही फ्लेक्सवर मीच आहे, आता खड्डा मागायला दुसऱ्या कुणाला पाठवू?"