दोन नापास मुली

मॅट्रिकला मी गणितात गचकले ते बहात्तर साली. दुष्काळही त्याच वर्षी पडला, त्यामुळे आमच्या घरात त्या वर्षाला नावं ठेवायला दोन कारणं झाली. आण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. त्यांनी माझा निकाल पाहिला, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बास झालं शिक्षान." ऑक्टोबरचा फॉर्म त्यांनी भरू दिला नाही. आमचं मूळ गाव वेळापूर. तिकडचं एक स्थळ चालून आलं होतं आणि मार्चच्या आत मला उजवून टाकायचं, हे घरात ठरल्यात जमा होतं. मला मात्र पुन्हा परीक्षेला बसायचं होतं. पण नापास मुलीला काय हवंय हे विचारतो कोण!

दिवाळी झाली आणि आमच्याकडे एक इंग्रज मुलगी राहायला आली. दुधनीजवळच्या दुष्काळी कामावर मजुरांच्या पोरांना दूध आणि सुकडी वाटणारी एक संस्था होती. तिची दूध पावडरची खोकी आण्णांच्या ऑफिसातून सुटायची. संस्थेच्या बाईंनी आण्णांनाच गळ घातली. विलायतेहून अठरा वर्षांची मुलगी स्वखुशीने काम करायला आलीय, तुमच्या घरात तिच्याच वयाची मुलगी आहे, तीन-चार महिने ठेवून घ्याल का? आण्णांना बाईंना नाही म्हणता आलं नाही. मी घरी बसूनच होते. तेव्हा तिच्याबरोबर सकाळच्या पॅसेंजरने दुधनीला जायचं, तिचं बोलणं लोकांना आणि लोकांचं तिला सांगायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचं, हे काम माझ्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण मनातून मी उड्या मारत होते.

पहिल्याच संध्याकाळी आईने तिला पाटावर बसवून पिठलं-भाकरी वाढली. शेजारच्या काकू कामाचं निमित्त काढून दारात येऊन उभ्या राहिल्याच होत्या.

"इचार की तिला, कालेजात न्हाय का जात?" आई मला म्हणाली.

माझं इंग्रजी शाळेतलं, पण एवढ्यापुरतं पुरलं. पाहुणीने सांगितलं की शाळा संपली, कॉलेज पुढच्या वर्षी. मधलं एक वर्ष जग बघायचं, कुठेतरी उपयोगी पडायचं, असं तिनेच ठरवलंय. तिच्याकडे काही मुलं असं करतात म्हणे. हे आईला सांगायला मी तोंड उघडते तोवर तिने निकाल लावूनही टाकला.

"म्हंजी वरीस वाया गेलं. नापास झाली व्हय गं?"

आमच्याकडे धडधाकट मूल वर्षभर घरी बसलं तर त्याची दोनच कारणं असायची. एक तर घरात खायची पंचाईत, नाहीतर नापास. पाहुणीच्या पायात चांगले चामडी बूट होते, म्हणजे पहिलं कारण बाद. मी आईची चूक तिथेच दुरुस्त करायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणाले, "व्हय." आणि जीभ सुटलीच होती म्हणून पुढे जोडलं, "पण तिचे वडील तिला काय बोलले न्हाईत. म्हणाले, वर्षभर फिरून ये, डोकं शांत कर आणि मग परत बस परीक्षेला. आमी हाय की."

आण्णा समोरच जेवत होते. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पाहुणीकडे एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नळावर बातमी फुटली आणि रेल्वे क्वार्टरच्या साऱ्या बायकांना पाहुणीची दया आली. माझ्या वेळी याच बायकांनी मला ऐकू जाईल अशा बेताने "गणित काय पोळ्या लाटण्याइतकं सोपं असतंय व्हय" म्हणून घेतलं होतं. आता काकू तिच्यासाठी शेंगापोळी घेऊन आल्या. आई तिच्या पिवळ्या केसांना खोबरेल चोळू लागली, का तर डोकं थंड राहावं. पाहुणी बिचारी डोळे मिटून बसायची. तिला वाटायचं, हिंदुस्थानात पाहुण्यांचं असंच करतात. दुधनीच्या कामावरही बातमी कशी पोचली कोण जाणे. तिथल्या बायका कानडी बोलणाऱ्या, आणि सोलापुरात वाढल्यामुळे मला कानडी येत होतं. खडी फोडता फोडता तिच्याकडे बघून म्हणायच्या, "अय्यो पाप!" म्हणजे, बिचारी गं. ती मला अर्थ विचारायची आणि मी सांगायची, तू त्यांना आवडतेस. तसं ते खोटं नव्हतं म्हणा. पण मला आतून चीड यायची. तिच्या खोट्या नापासाला एवढी माया आणि माझ्या खऱ्या नापासाला टोमणे!

आईला मात्र एकच ध्यास लागला होता. तिने आण्णांच्या मागे लागून नवी पेठेतून दोन वह्या आणवल्या, माझं बीजगणिताचं पुस्तक ट्रंकेतून काढलं आणि दोघींपुढे ठेवलं. "बसा दोगी. कामापायी अब्यास इसरू नगा." पाहुणीला वाटलं, मला शिकवायला सांगताहेत. तिला आनंदच झाला. तिने पहिलं उदाहरण झरझर सोडवलं, मी मागचं उत्तर पाहिलं, तर साफ चूक. दुसरंही चूक. मग लक्षात आलं, पुस्तकातला आमचा एक तिला नऊ वाटत होता आणि चार वाटत होता आठ. आई पाठीमागेच उभी होती. तिने उसासा टाकला. "बग, तिची बी गत तुज्यावानीच." त्या दिवसापासून घरात कुणाला शंका म्हणून उरली नाही.

पाहुणी आमचे आकडे एकाच संध्याकाळी शिकली. आणि मग मला कळलं की ती पुढे कॉलेजात गणितच घेणार आहे. तिने मला शिकवायला सुरुवात केली ती गाडीत, सुकडीच्या रिकाम्या डब्याच्या झाकणावर, खडूने. ती उत्तर कधीच सांगायची नाही. नुसती वाट बघायची. माझा स्वभाव तापट, एकदा मी खडू खिडकीतून बाहेर भिरकावला. तिने पिशवीतून दुसरा काढून हातात दिला. आठ-दहा दिवसांत तिने माझं दुखणं शोधून काढलं. कंस सोडवताना मी उणे चिन्ह वाटेतच विसरत होते. बाकी सगळं मला येत होतं! मला ढ म्हणणाऱ्यांपैकी एकालाही हे कधी दिसलं नव्हतं. त्या दिवशी मधली स्टेशनं कधी गेली तेही मला समजलं नाही.

डिसेंबर आला. मार्चच्या फॉर्मची मुदत संपत आली होती आणि वेळापूरचे लोक रविवारी मला बघायला येणार होते. मी पुरती भेदरले. संस्थेच्या बाई आण्णांच्या ऑफिसात खोक्यांसाठी येत-जात असत. त्यांच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं, तरी माझं बिंग फुटलं असतं. मग फॉर्म कसला, मला खोटारडी म्हणून दुसऱ्याच दिवशी बोहल्यावर चढवलं असतं. आणि गप्प बसले तरी रविवार काही टळत नव्हता.

शनिवारी संध्याकाळी आण्णांनी मला बाहेर पायरीवर बोलावलं. आई आणि पाहुणी आत भाजी निवडत होत्या. आण्णांच्या हातात मार्चचा फॉर्म होता. शाळेत जाऊन त्यांनी तो स्वतः आणला होता.

"ह्ये भरून दे. सही करतो म्या."

मला आनंद व्हायला हवा होता. पण तो फॉर्म बघितला आणि माझ्याच्याने राहवेना. खोट्यावर मिळालेली सही मला घेववेना. मी म्हणाले, "आण्णा, मी खोटं बोलले. ती नापास न्हाय झाली. ती हुशार हाय, तिची कॉलेजातली जागा राखून ठेवलीय. तिचे वडील असं काय म्हणाले न्हाईत. मी रचलं सगळं. नापास मी एकटीच हाय."

आण्णांनी शांतपणे चष्मा पुसला.

"ठावं हाय मला. पयल्याच आटवड्यात इचारलं तिला."

"इंग्रजीत?"

"मग! वीस वर्सं सायबांच्या हाताखाली काडली, येवडं येतंय की मला."

मी पायरीवर बसले. "मग आईला का न्हाय सांगितलं?"

"एका पोरीला नापास म्हनायला लोकांस्नी लई जोर येतो. दोगी असल्या की जरा दमानं बोलत्यात. बोलू दे म्हनलं." मग खाली बघत म्हणाले, "परवा पुन्यांदा इचारलं तिला. माय डॉटर, पास ऑर नॉट पास? ती म्हनली, मार्चपतुर येळ द्या, हुईल. वेळापूरवाल्यांस्नी यष्टीच्या कंडक्टरजवळ चिट्टी दिऊन मोकळा झालोय म्या. येऊ नगा म्हनलंय. पोरगी परीक्षेला बसतीया."

मी ओढणीत तोंड खुपसून रडले. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. महिनाभर छातीवर बसलेलं ओझं गेलं होतं, तेही कुणी एक शब्द न रागावता. आण्णा मला थांब म्हणाले नाहीत. माझं रडणं होईतो त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडून ठेवलं होतं.

"तुमाला राग न्हाय आला माझा?" मी विचारलं.

"आला की. तुजा न्हाय." त्यांनी फॉर्म मांडीवर सरळ केला आणि ठळक अक्षरात सही केली. "तिचा खरा बाप कसा हाय, कुनास ठाऊक. पर त्या दिशी तू जो बाप सांगितलास, तसा तुला पायजे हुता, येवडं कळलं मला."