डॅलसचे ऊन आणि स्टोव्हची पिन

माझे शिक्षण चौथीपर्यंत. अमेरिकेबद्दल मोठे काही सांगण्यासारखे माझ्याकडे नाही. तिथल्या एका दिवसाचे सांगते, कारण तो दिवस अजून डोक्यातून जात नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मुलगा डॅलसजवळ अर्विंगला नोकरीला होता, सूनही कामावर जाई. सात वर्षांच्या नातीशी मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचे बरे चालायचे. बैठकीच्या खोलीत मुलाने ह्यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, फोटो लावला होता. खाली पितळेची पट्टी, तिच्यावर ‘हुतात्मा’ असे कोरलेले. ती त्याने पुण्याहून करून आणली होती. घरी कोणी आले की तो त्यांना फोटोपाशी नेऊन सांगायचा, माझे वडील मराठी राज्याच्या मोर्चात गोळी लागून गेले. मी तेवढ्यात स्वयंपाकघरात निघून जायची.

कारण हे मोर्चाला गेलेच नव्हते. स्टोव्ह तुंबला होता, त्याची पिन आणायला गेले होते, आणि त्यांना मी पाठवले होते. चौकात गडबड आहे हे दोघांनाही माहीत होते. हे म्हणाले, उद्या आणतो. मी म्हटले, तोवर पोराला कच्चे दूध पाजू का? मग चप्पल घालून गेले. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा. पुढे गावाने ह्यांना हुतात्म्यांत धरले आणि मी गप्प बसले. तीस वर्षे गप्प बसले.

त्या दिवशी मुलाने रजा घेतली होती आणि नातीला आणि मला डॅलस दाखवायला नेले. जुलै महिना. गाडीत थंड हवा होती, पण दार उघडले की भट्टीचे झाकण काढल्यासारखे. उंच काचेच्या इमारती पाहिल्या, एक गुरांचा बाजार भरायचा ती जागा पाहिली. मला कशातच गोडी वाटली नाही. मग तो म्हणाला, आता खरी जागा दाखवतो.

त्यांचा एक तरुण अध्यक्ष तिथे उघड्या मोटारीतून जाताना गोळी घालून मारला, ती जागा. मुलाला सगळे पाठ होते. ही विटांची इमारत, तो सहाव्या मजल्याचा कोपरा, ती खिडकी. मोटार इथून वळली, उताराला लागली, आणि इथे. त्याने रस्त्याकडे बोट केले. आता म्हणे तिकीट काढून ती खिडकी दाखवतात. तेव्हा वर जाता येत नव्हते. खिडकी नुसती होती. मी पाहत राहिले आणि तीही खाली पाहत असावी असे मला वाटू लागले.

रस्ता अगदी साधा होता. मोटारी त्या जागेवरून जात होत्या. एकीनेही वेग कमी केला नाही.

मी चप्पल काढली. असे माणूस गेलेल्या जागी चप्पल घालून उभे राहायचे नाही, एवढेच डोक्यात आले. फरशी तव्यासारखी तापली होती. मुलगा म्हणाला, “आई, चप्पल घाल, फोड येतील.” मी घातली नाही. मला हलताच येत नव्हते. आमच्या गावचा चौक मी हे गेल्यानंतर कधी पाहिला नाही. बाजारात जायचे तर मारुतीच्या देवळामागून वळसा घालून जायची, मुलालाही तिकडूनच शाळेत न्यायची. आणि इथे परक्या मुलखात तोच चौक पायाखाली आल्यासारखा वाटला. तसाच उतार, तशीच भर दुपार.

तिथे एक म्हातारा गोरा माणूस गळ्यात पिशवी अडकवून छापील कागद विकत होता. गोळ्या किती, कुठून आल्या, खरा मारणारा कोण, असे काहीबाही तो समजावत होता. मुलाने कागद घेतला आणि त्याला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. इंग्रजी मला कळत नाही, पण ती गोष्ट मला कुठल्याही भाषेत कळते. म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्याकडे वळून मान खाली घातली. उन्हाने लाल झालेले त्याचे टक्कल माझ्यापुढे वाकले होते. मी पदर तोंडावर ओढला.

मुलाने मला उतारावरच्या गवतात, झाडाखाली नेऊन बसवले. नात शेजारी बसली. तिने विचारले, “आजी, वॉज आजोबा अ हिरो?”

हिरो मला कळले. पोरगी तोंडाकडे बघत होती. मुलगाही, हसऱ्या तोंडाने, माझ्या उत्तराची वाट बघत होता.

“नाही,” मी म्हटले. “ते स्टोव्हची पिन आणायला गेले होते. मी पाठवलं होतं.”

मुलाला वाटले मला ऊन लागले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. मी पाणी प्यायले आणि पहिल्यापासून सगळे सांगितले, कच्च्या दुधापर्यंत. नातीला त्यातले थोडेच कळले असेल.

मुलगा म्हणाला, “शाळेत मला दर वर्षी पुढे उभं करून हार घालायचे. तू समोर बसलेली असायचीस.”

“असायची.”

“बोलली का नाहीस?”

“त्या नावावर तुला पुस्तकं फुकट मिळत होती. आणि मी पाठवलं हे कोणाला सांगायचं नव्हतं.”

तो त्या रस्त्याकडे पाहत राहिला. मला वाटले आता हा उठून जाईल. तो उठला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पिन मिळाली होती?”

हे आजवर मला कोणी विचारले नव्हते.

“मिळाली होती. दवाखान्यातून कपडे परत दिले, त्यात सदऱ्याच्या खिशात होती. कागदात गुंडाळलेली.”

“मग?”

“मग काय. त्याच पिनेने स्टोव्ह पेटता केला. तू भुकेला होतास.”

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. तळपायांना फोड आले होते, ते मी पदराने झाकून बसले. संध्याकाळी सून आली आणि काय काय पाहिले विचारू लागली. मुलगा म्हणाला, काही विशेष नाही, ऊन फार होतं.

मी तिथे आणखी दोन महिने होते. घरी पाहुणे आले तरी तो त्यांना फोटोपाशी नेईनासा झाला. पण खालची पितळेची पट्टी त्याने काढली नाही, आणि मीही काढ म्हटले नाही. मुलाकडची शेगडी विजेची होती, तिला पिन लागत नाही. तरी सकाळी दूध तापवायला उभी राहिले की पाठीमागून हे विचारताहेत असे वाटायचे, उद्या आणली तर चालेल का.