दार उचलून लावायचं

जिंतूर रोडला लिंबाच्या सावलीत एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. आबांची जुनी मोटार त्यानं पार खोलून ठेवली होती. आबा म्हणजे माझे वडील, डॉक्टर. निजामाच्या राज्यापासून ते याच मोटारीतून वालूर-पोखर्णीचे पेशंट बघायला जायचे.

मी म्हणायचो, सगळं नवं टाक आणि मोकळा हो. तो ऐकेल तर ना! काढलेला भाग पान्यानं हळूच वाजवायचा, कानाजवळ धरायचा. "ह्यो जित्ता हाय," म्हणून पोत्यावर ठेवायचा, नाहीतर "ह्यो मेला" म्हणत डब्यात फेकायचा. ब्रेक जुनेच ठेव म्हणणाऱ्या आबांना मात्र त्यानं जुमानलं नाही. "डॉक्टरसाब, तिथं नवंच. जिवाशी मस्करी न्हाई."

गाडी तयार झाली. आबांनी आत बसून नेहमीच्या सवयीनं दार किंचित उचलून ओढलं. ते लागेना. दाराचा खटका नवा बसवला होता, त्याला सरळ ओढायला हवं होतं. आबांनी पुन्हा उचललं, ते पुन्हा आदळलं. मग हात मांडीवर ठेवून बसले.

"होईल सवय," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नवा खटका काढला, डब्यातून जुना शोधून घासला, तेल दिलं, बसवला आणि हिसके देऊन बघितला.

"अरे, हा मेला होता ना?"

"घाई केली मी, भाऊ."

आबांनी दार उचलून लावलं. खट्ट. बाहेर तो दाराला कान लावून वाकला होता.

"जित्ता हाय," म्हणाला, आणि चहा सांगायला निघून गेला.