पाहुणा गार्ड

मी बास्केटबॉल खेळून पोट भरतो असं सांगितलं की मराठी माणूस आधी माझी उंची बघतो आणि मग हळूच विचारतो, "ते ठीक आहे, पण जॉब?" अहो काका, हाच जॉब! मी गार्ड आहे. गार्ड म्हणजे चेंडू टप्पे देत पुढे नेणारा, कुणी कुठून धावायचं ते ठरवणारा, आणि बहुतेक संघांत सगळ्यात बुटका. माझे पहिले तीन सीझन लंडनमध्ये गेले. आमचं ओंटारिओतलं लंडन, राणीचं नव्हे.

कॉन्ट्रॅक्ट सही केलं तेव्हा आईनं पेढे वाटले. मला मात्र पेढ्यांपेक्षा, पगारापेक्षा, खरं सांगायचं तर पहिल्या पाचांतल्या जागेपेक्षाही एक गोष्ट हवी होती. बाबांच्या तोंडून एक 'वा'.

हे समजायला बाबा माहीत पाहिजेत. मी चौथीत असताना आम्ही नागपूरहून इकडे आलो. बाबा सॉफ्टवेअरमधले, पण जीव गाण्यात. बैठकीत पुढं बसणार, आणि जागा खरीच जमली तरच 'वा' म्हणणार, तेही असं की गाणारा वळून बघेल. एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये यजमानीणबाई गायल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बाबा शांतपणे पाणी पीत राहिले. आईनं चिमटा काढला तर म्हणाले, "दाद देताना वशिला चालत नाही." बाई आजही आमच्याशी धड बोलत नाहीत.

तर असा बाप पहिल्या सीझनच्या पहिल्या सामन्याला जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून दुसऱ्या रांगेत बसला होता. आणि त्याच दिवशी 'तो' पहिल्यांदा खेळला. तोही आमच्याच संघातला गार्ड, माझ्याच वयाचा, अमेरिकेच्या दक्षिणेकडून आलेला. मी बेंचवर होतो. त्यानं डावीकडं बघितलं, खांदा डावीकडं टाकला आणि चेंडू उजवीकडच्या माणसाच्या हातात जाऊन पडला. सगळं स्टेडियम ओरडत होतं, तरी मला तो आवाज बरोबर ऐकू आला. "वा!"

मला शेवटी थोडा वेळ मिळाला. चेंडू हातात आल्यावर मी दुसऱ्या रांगेकडं एक चोरटी नजर टाकली. हे गृहस्थ मान खाली घालून चष्मा पुसत बसलेले!

परतताना गाडीत सगळा वेळ त्याचंच कौतुक. "काय हात आहे बे त्याचा! नजर कुठं, चेंडू कुठं!" मी खिडकीबाहेर बघत होतो. आई एकदा म्हणाली, "अहो, आपलाही होता ना खेळायला?" "हो हो, छान खेळला," बाबा म्हणाले. ग्रोसरीतून आणलेल्या कोबीलाही ते याच सुरात छान म्हणतात.

मग कळलं की तो एकटाच राहतो आणि रोज बाहेरचं खातो. झालं! नागपूरचा माणूस हे ऐकून गप्प बसेल? पुढच्या रविवारी तो आमच्या टेबलाशी, माझ्या खुर्चीत. आईनं पाटोडी रस्सा केलेला. मला वाटलं, आता याच्या कानातून धूर निघेल. निघाला, डोळ्यांतून पाणीही आलं, पण पठ्ठ्यानं वाटी पुढं केली. बाबा इतके खूश की विचारू नका. "पाहुण्याला वाढ अजून," असं आईला सांगत राहिले, आणि तेव्हापासून त्याचं नावच पाहुणा पडलं. जाताना त्यानं बाबांना मिठी मारली आणि म्हणाला, "थँक यू, बाबा." माझं ऐकून शिकला होता. बाबा कुणाचा रे? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं जग म्हणतं. आमच्या घरी उलटा कारभार.

वाईट याचं वाटायचं की तो माणूस वाईट नव्हता. उद्धट असता, आळशी असता, तर मी सुखानं जळलो असतो. हा सरावाला माझ्याआधी हजर, माझा शॉट पडला की सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारा. बर्फ पडला की आमचा ड्राइव्हवे शोव्हल करायला न बोलावता यायचा. आणि खेळायचा तर असा की मलाही मनातल्या मनात 'वा' म्हणावं लागे. तेव्हा तर स्वतःचाच राग यायचा.

दुसऱ्या सीझनमध्ये त्याचा घोटा मुरगळला. मी नवस बोललो नव्हतो, पण डॉक्टरांनी बरेच आठवडे खेळायचं नाही म्हणून सांगितलं तेव्हा चेहरा पाडून ठेवताना माझे गाल दुखले. पहिल्या पाचांत मी आलो. आणि खेळलो की हो! शॉट पडत होते, पास बसत होते, पोरं टी-शर्टवर माझी सही मागत होती. कोच म्हणाला, तू आम्हाला सरप्राइज केलंस.

आणि दुसऱ्या रांगेत काय चाललेलं? पाहुणा कुबड्या घेऊन बाबांच्या शेजारी. मी चेंडू घेऊन निघालो की बाबांचा चष्मा हातात, आणि पाहुणा त्यांच्या कानाशी लागून बोलतोय. गप्पा! मी इथं घाम गाळतोय आणि यांच्या गप्पा रंगल्यात! एका सामन्यात तर मी समोरच्या संघातल्या दोघांच्या मधून घुसून डाव्या हातानं बास्केट केलं, आयुष्यातलं सर्वांत देखणं. वळून बघितलं तर बाबा पाहुण्याला काहीतरी विचारत होते.

त्या दिवशी घरी मी ताट सरकवलं. "बाबा, ते डाव्या हाताचं कसं वाटलं?"

"छान होतं."

"काय छान होतं त्यात? सांगा ना."

बाबा भातावर वरण घेत राहिले. "अबे, जेव ना आता. छान म्हटलं ना."

पाहुण्याच्या पहिल्या सामन्यातला तो पास ते तेव्हाही हातवारे करून दाखवायचे. माझं काल-परवाचं नव्हे, तासाभरापूर्वीचं त्यांना सांगता येईना. मी समजून चुकलो की माझा खेळ या माणसाला आवडतच नाही. खोटं बोलायचं नाही म्हणून 'छान'वर भागवतात. त्या सीझनमध्ये मी त्यांच्या गाडीतून घरी यायचं बंद केलं. बसनं यायचो, गारठत.

तिसऱ्या सीझनमध्ये पाहुणा बरा होऊन परतला आणि कोच आम्हा दोघांना एकत्र खेळवू लागला. आम्ही जमलोही छान. पण पुढच्या वर्षी दोघांपैकी एकालाच ठेवता येईल, हे मॅनेजरनं आधीच कानावर घातलं होतं. शेवटचा सामना जिंकलो असतो तर प्लेऑफ. काही सेकंद उरलेले, आम्ही एका गुणानं मागे. कोचनं मला बजावलं, शॉट तू घ्यायचा. मी चेंडूशिवायच बास्केटकडं धावलो, पास मला वाटेत मिळायचा होता. समोरचे दोघे माझ्यावर धावून आले आणि कोपऱ्यात पाहुणा मोकळा दिसला.

त्याला चेंडू द्यायचा म्हणजे सामना त्याचा, जागा त्याची, दादही त्याचीच. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, पण हातानं ऐकलं नाही. चेंडू पोटाशी येतो न येतो तोच न बघता, मनगटाच्या एका झटक्यात, दोघांच्या मधून गेला. पाहुण्याच्या हातात अलगद. त्यानं शॉट घेतला. चेंडू कडीवर एक फेरी मारून बाहेर पडला.

आणि भोंगा. सगळं स्टेडियम सुतक पडल्यासारखं गप्प. त्या शांततेत दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "वा!"

लोकांनी माना वळवून बघितलं. एका आजीबाईंनी तर डोळेच वटारले. प्रतिस्पर्ध्यांचा बेंच हसायला लागला. मला वाटलं, ही दादसुद्धा पाहुण्यालाच! चुकलेल्या शॉटलाही!

आठवड्याभरात फोन आला. पाहुणा राहणार, मी मोकळा. दूर पश्चिमेकडं रेजिना शहराजवळचा एक संघ घेईल म्हणाले, पगार थोडा कमी. फोन ठेवून मी तडक स्वयंपाकघरात गेलो. बाबा चहा टाकत होते.

"झालं समाधान? तुमचा पाहुणा राहिला! त्याच्या चुकलेल्या शॉटलासुद्धा वा म्हणता, मी तीन वर्षं काय इथं माशा मारत होतो?"

"शॉटला कोण म्हणालं?" बाबा म्हणाले. "तो शॉट काही खास नव्हता. पास काय होता पण! तसा पास मी आजवर बघितला नाही."

"मग आजवर का नाही म्हणालात एकदाही?"

बाबांनी गॅस बारीक केला. बराच वेळ गाळणी धुतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बेटा, मी तुझा खेळ बघितलेलाच नाही. तुझ्या हातात चेंडू आला की पोटात गोळा येते माझ्या. डोळे मिटून घेतो. चष्मा पुसल्याचं नाटक करतो, लोकांना काय सांगू? पाहुणा होता शेजारी तेव्हा तो सांगायचा, गेला, आला, पडला. बाकी मी आवाजावरून ओळखतो. त्या दिवशी चेंडू तुझ्याकडे आला कधी अन् गेला कधी, डोळे मिटायला वेळच नाही मिळाला."

"आणि त्याचा खेळ बघताना गोळा नाही येत?"

"त्याचा काहून येईल?" बाबा म्हणाले. "तो चुकला तर माझं काय जाते? मजेत बघतो."

आता यावर मी विरघळून त्यांच्या गळ्यात पडलो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही पडलो. माझा जीव यांना इतका प्यारा, की माझं सगळ्यात देखणं बास्केट यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं! आणि तो परका मनुष्य, त्याचा प्रत्येक पास, प्रत्येक टप्पा, माझ्याच बापानं डोळे भरून पाहिला. कप घेऊन मी खाली बेसमेंटमध्ये गेलो आणि बॅग भरायला घेतली. पाहुण्याचा इतका हेवा मला आधी कधीच वाटला नव्हता.