हाजी शाझलींचा पिन

"माझा पिन माझ्या कबरीलाही कळणार नाही," असं हाजी शाझली एकदा म्हणाले होते.

स्फाक्स शहराच्या रेल्वेत तिकिटं तपासण्यात जन्म गेलेल्या या माणसाला सगळं जगच बिनतिकीट वाटे. पोस्टातल्या एटीएमवर ते टोपीआड बटणं दाबत. त्या दिवशी मशीनने पिन दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा चुकलं, तर कार्ड आत अडकणार आणि ईदला पेन्शन मिळणार नाही. त्यांनी रांगेकडे संशयाने पाहिलं.

"शेवटी सात नाही, हाजी, चार," मागची मासेवाली मब्रूका म्हणाली. "दर महिन्याला दाबताना पुटपुटता."

"सगळ्यांना माहितीये?"

"नवीन आलेत ते सोडून."

हाजींनी चार दाबला. दिनार बाहेर आले. ते खिशात कोंबून हाजी निघून गेले.