निळी की पांढरी

गाडीत चढण्याआधी ते चपला काढायचे. देवळाबाहेर काढाव्यात तशा जोडून सीटच्या मागे ठेवायचे. मग गळ्यातल्या गमछ्याने दोन्ही तळवे पुसायचे, डावा पाय क्लचवर आणि उजवा ॲक्सिलरेटरवर नुसता टेकवायचे आणि म्हणायचे, "थांबा ताई, आधी पायाला विचारू."

ताई म्हणजे मी. बनारसमधल्या एका दूध डेअरीत स्टोअर आणि खरेदी माझ्याकडे आहे. ते आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. जन्म ब्रह्मा घाटावरच्या वैदिकांच्या घरातला. वडील मुलांना वेदाची संथा द्यायचे आणि हे संथा बुडवून राजघाटच्या पुलावर ट्रक बघायला पळायचे. शेवटी वडिलांनी हात टेकले. बनारसमध्ये पानवाल्यापासून हवालदारापर्यंत सगळे एकमेकांना 'गुरू' म्हणतात, पण आमच्या डेअरीत 'गुरुजी' म्हटलं की हेच. अख्ख्या डेअरीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे आमचं मेतकूट पहिल्यापासून जमलं.

डेअरीला नवी पिकअप घ्यायची असली की आमची एक पद्धत होती. दोन कंपन्यांच्या गाड्या एका दिवसासाठी मागवायच्या. कॅनमध्ये पाणी भरून दुधाइतकंच वजन लादायचं आणि अहरौऱ्याच्या पुढे डोंगराचा जो चढ लागतो, तो दोन्ही गाड्यांनी चढायचा. चालवणार गुरुजी, शेजारी बसून लिहून घेणार मी. मला गाडी चालवता येत नाही, म्हणूनच मी बरं लिहिते असं त्यांचं मत होतं. चालवणारा स्वतःचं घुसडतो म्हणे.

एकदा टाय लावलेला एक विक्रेता आपल्या गाडीची ताकद तोंडपाठ म्हणून दाखवत होता, इतके हॉर्सपॉवर, तितका टॉर्क. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.

"घोडे तुम्ही मोजलेत, ठीक," ते म्हणाले. "मगर ते मिळून ओढतात की एकेकटे, ते मला पाहू द्या."

त्या माणसाने टाय जरा सैल केला. संध्याकाळी गुरुजींचा निकाल आला. "ताकद बिलकुल आहे, पण उशिरा कळवते. पाय दाबला की आधी विचार करते, मग निघते. दुधाच्या गाडीने विचार कशाला करायचा?" मी शब्दन्‌शब्द हिंदीत लिहिला आणि मॅनेजरनी हसत त्याच्यावर सही केली. आम्ही दुसरी गाडी घेतली. ती अजून धावते आहे.

कुणी बूट घालून चालवताना दिसला की त्यांना त्याची कीव यायची. "हातमोजे घालून वरणभात कालवतोय बिचारा," म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याची सगळी अक्कल एका अवयवात उतरलेली असते. कुणाच्या जिभेत, कुणाच्या बोटांत. ह्यांच्या तळव्यांत होती.

दोन वर्षांपूर्वी गंगा दशहऱ्याला त्यांच्या घरी पूजा होती. मी गेले होते. ज्येष्ठातलं भर दुपारचं ऊन आणि घाटाचे दगड तव्यासारखे तापलेले. पूजेचं पाणी आणायला आम्ही सगळे अनवाणी उतरलो आणि पायरी पायरीवर नाचायला लागलो. बायका पदर सावरत उड्या मारत होत्या. गुरुजी मात्र हातात तांब्या घेऊन मधल्या पायरीवर शांत उभे होते. एका जागी, किती तरी वेळ.

घाटावरचे एक वयस्कर शास्त्रीबुवा बघत राहिले आणि म्हणाले, "वडिलांचं तप ह्याच्यात उतरलं बघा. देहाचं भान सुटलंय."

मग एकजण पाया पडला. त्याचं बघून दुसरा पडला. ज्यांनी ह्यांना जन्मभर 'ट्रकवाला' म्हणून नाकं मुरडली होती, ती माणसंही वाकली. मीही पडले. गुरुजी नुसते नदीकडे बघत राहिले. मला तो विनय वाटला. माझ्यासारखी खमकी बाई, दुकानदाराने तराजूची डांडी मारली की लगेच ओळखणारी, पण त्या दिवशी मला काही म्हणता काही ओळखता आलं नाही.

ह्या वर्षी उन्हाळ्यात पुन्हा दोन पिकअप आल्या. एक पांढरी, एक निळी. दोन्ही एकाच मापाच्या, एकमेकींच्या पक्क्या वैरिणी.

सकाळी पांढरी घेऊन गेलो. चढ संपला, मी पेन उघडून बसले. "काय लिहू?" विचारलं तर म्हणाले, "चांगली आहे." इतकंच. ब्रेक लावण्याआधी ते दर वेळी खाली मान घालून पायाकडे बघत होते. मी म्हटलं, वय झालं.

दुपारी निळी. चढ चढून उताराला लागलो. पुढच्या वळणावर एक बाई शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होती. गुरुजींनी तिला पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यांनी पाहिलं, कारण हॉर्न वाजवला. पण इंजिन ओरडतच राहिलं, गाडी वेग घेतच राहिली.

"गुरुजी, पाय," मी किंचाळले.

त्यांनी हँडब्रेक ओढला. कॅन एकमेकांवर आदळले, गाडी तिरकी होऊन कडेच्या दगडांना टेकली. शेळ्या उधळल्या. ती बाई काठी धरून आमच्याकडे बघत उभी राहिली, शिवीसुद्धा दिली नाही. कुणाला लागलं नव्हतं.

"मी पाय काढला होता, ताई," ते म्हणाले.

मी खाली बघितलं. पाय ॲक्सिलरेटरवरच होता. पेडल लाल झालं होतं. टाचेच्या पुढे, तळव्यात, लाकडी खोक्याला मारतात तसला खिळा रुतला होता, अगदी टोपीपर्यंत. बहुतेक चपला काढून निळीत चढताना डेअरीच्या अंगणातच लागला असणार, आणि त्या दिवशी त्यांनी तळवे पुसलेच नव्हते.

"गुरुजी, खिळा गेलाय पायात."

"कुठे?" त्यांनी विचारलं.

तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

खिळा मी ओढून काढला. त्यांनी अं केलं नाही. पाण्याच्या कॅनमधून पाणी घेऊन पाय धुतला, गमछा फाडून बांधला, आणि तेव्हा ते बोलायला लागले. साखरेचा आजार जुना होता. आधी बोटं गेली, मग तळवे. डॉक्टर म्हणाले होते, नसा मेल्या, आता परत येणार नाहीत. दोन वर्षांहून जास्त झाली होती.

"आणि घाटावर? त्या दिवशी?"

"दगड गार की गरम, मला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "लोक पाया पडायला लागले तेव्हा समजलं की खूप गरम असणार. काय सांगणार होतो त्यांना? तुम्हीपण पडलात, ताई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांनी हात जोडले. त्यांनी हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते, मॅनेजरसमोरही नाही. "कुणाला सांगू नका. ह्या पायाशिवाय माझ्याजवळ काय आहे? मंत्र येत नाहीत, दुकान नाही. गाडीवरून उतरवलं तर घाटावर बसून मी करणार काय? कानाने चालवायला शिकतोय मी. दोन महिने द्या. बस, दोन महिने."

फोन माझ्या हातात होता. डेअरीतून दुसरा ड्रायव्हर बोलावणं एवढंच करायचं होतं. मी फोन पर्समध्ये ठेवला. समोर एक म्हातारा माणूस रडत होता आणि मला ते बघवलं नाही, इतकंच.

परतीचा सगळा रस्ता मी सीटवर वाकून त्यांच्या पायाकडे बघत बसले होते. "टेकलाय. थोडा दाबलाय. अजून थोडा. आता सोडा, सुटला नाही, सुटला नाही, हां, सुटला." गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती आणि मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. गंगेचा पूल आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुम्ही छान शिकलात." मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं.

डेअरीच्या फाटकाबाहेर त्यांनी निकाल सांगितला. "निळीचा आवाज खालपासून भरलेला आहे. पांढरी वर जाऊन ओरडते. निळी लिहा." कानाने दिलेला तो पहिला निकाल. मी लिहिला. महिना संपायच्या आत निळी आमची झाली.

पुढे तीन आठवडे मी गप्प राहिले. रोज सकाळी त्यांची गाडी निघाली की मी घड्याळ बघत बसायचे, आणि ती परत आली की मी देवाला हात जोडायचे. पाय कसा आहे विचारलं की "सुकला," म्हणायचे. दुखत नव्हता, म्हणून त्यांनी बघितला नाही. ते म्हणाले सुकला, म्हणून मीही बघितला नाही. मग एका दुपारी गाडीची कागदपत्रं घ्यायला मी केबिनचं दार उघडलं आणि वास आला.

पट्टी सोडली तेव्हा टाच काळी पडली होती. त्याच तासाला मी मॅनेजरना सगळं सांगितलं आणि गुरुजींना हॉस्पिटलमध्ये नेलं. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. विष वर चढलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्या पायाला मी जबाबदार आहे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुद्धीवर आल्यावर गुरुजी पहिलं वाक्य बोलले, "पाय गंगेला द्या. कचऱ्यात नका जाऊ देऊ."

वहिनींनी कागदावर सही केली आणि गुरुजींच्याच उपरण्यात गुंडाळलेला तो पाय हॉस्पिटलने आमच्या हवाली केला. डेअरीच्या सगळ्या गाड्या फेरीवर होत्या, निळी तेवढी मोकळी होती. दुसऱ्या ड्रायव्हरने आम्हाला राजघाटला नेलं. गाठोडं माझ्या मांडीवर होतं. वाटेत सगळीकडे गर्दी. गाडी थांबायची, निघायची, आणि निघताना दर वेळी अशी थरथरायची की मला ते दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागायचं.

नाववाल्याने विचारलं, "ई का ह, माताजी?"

"हमारे आदमी का पाँव है," वहिनी म्हणाल्या.

त्याने डोक्याचा गमछा उतरवला. ब्रह्मा घाटासमोर नाव मध्यावर नेऊन उभी केली. वहिनींनी दगड बांधला. पाणी मिटायला फार वेळ लागला नाही.

संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये सांगायला गेले. सगळं नीट झालं म्हटलं. ते छताकडे बघत होते.

"कोणत्या गाडीतून नेलात?"

"निळीतून."

"कशी चालली?"

खोटं बोलायला हवं होतं. पण इतकी वर्षं ह्या माणसाने विचारायचं आणि मी खरं सांगायचं, अशीच सवय. "थांबून निघताना थरथरते," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी."

"पहिल्या गिअरला?"

"हो. क्लच सोडताना."

"नव्या गाडीत. म्हणजे क्लच पहिल्यापासून बेकार आहे. हे कानाला नाही कळत. पाय असता तर फाटकातच कळलं असतं." मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मी चुकलो, ताई. पांढरी लिहा."

"गुरुजी, आता घेऊन झाली."

"लिहा."

माझ्याजवळ कागद नव्हता. औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलं.

"वाचून दाखवा."

"पांढरी," मी वाचलं.

त्यांनी डोळे मिटले. चौथ्या दिवशी ते गेले.

निळी आमच्याकडेच आहे. क्लच बदलून घेतला, तरी थरथर पूर्ण गेलेली नाही. सकाळी ती फाटकातून निघायची वेळ झाली की मी ऑफिसची खिडकी लावून घेते.